मित्राच्या माघारी

(परभणी येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांची ही व्याख्यानमाला त्यांच्या मुलांनी सुरू केलेली नाही, कुठल्या संस्थेनंही नाही. ती त्यांच्या दोस्तांनी पेन्शनमधून वर्गणी काढून सुरू केली. म्हणून संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, मला मित्राच्या मरणावर बोलू द्या. उतारवयात जिवाभावाचा मित्र जातो, तेव्हा मागे राहिलेल्यानं काय करायचं, यावर. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, सर, विषय जरा जड होईल. होऊ द्या. या सभागृहात बरेचसे लोक साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या फोनमध्ये असा एक नंबर आहे, जो आता लागत नाही आणि पुसवतही नाही.

पहिली गोष्ट अशी की या दुःखाला आपल्या रीतीभातीत जागाच ठेवलेली नाही. घरातलं माणूस गेलं की काय काय होतं ते बघा. दहा दिवस सुतक. चूल पेटत नाही, शेजारी भाकरी-पिठलं आणून देतात. तिसऱ्या दिवशी राख सावडतात. दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट बघतात. तेराव्याला गोड जेवण होतं, सोयरे दुखवटा घेऊन येतात. मुसलमान घरांत तिजा आणि चाळिसावा असतो. माणसाला रडायला जागा, रडायला सोबत आणि रडं थांबवायलाही एक दिवस, हे सगळं आपल्या पूर्वजांनी बांधून दिलंय. शहाणी माणसं होती ती.

पण यात मित्र कुठं आहे? मित्र मातीला येतो. लाकडाचं बघतो, गाडी सांगतो, बाहेरगावी फोन लावतो, पोरांना धीर देतो, खांदा देतो. संध्याकाळी घरी येऊन अंघोळ करतो आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जातो. त्याला सुतक नाही. त्याच्या घरी भेटायला कुणी येत नाही. नोकरीत असेल तर रजा मिळत नाही. आठवडा झाला की घरचेच म्हणतात, "अहो, वय झालं होतं त्यांचं. किती दिवस तेच धरून बसणार?" पन्नास वर्षांची दोस्ती, आणि दुःख करायला आठवडासुद्धा नाही! हे बरोबर आहे का?

केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ साली अशा दुःखांवर एक पुस्तक काढलं. समाज ज्या दुःखाला हक्काचं मानत नाही, ते माणूस चारचौघांत मांडू शकत नाही आणि म्हणूनच ते जास्त काळ आत राहतं, हे त्यांचं म्हणणं. पुढं २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक मोठा अभ्यास आला. २६ हजारांहून जास्त लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासली होती. जवळचा मित्र गेलेल्या माणसाच्या तब्येतीवर, मनावर, लोकांत मिसळण्यावर त्याचा परिणाम चार वर्षांपर्यंत दिसतो, असं त्यात आढळलं. चार वर्षं! आणि आपण आठवड्यात विचारतो, किती दिवस धरून बसणार.

बायकांचं तर याहून अवघड. आपल्याकडं मुलगी सासरी गेली की तिच्या पहिल्या मैत्रिणी सुटतात. एक जिंतूरला, एक सेलूला, एक पूर्ण्याला. पुन्हा मैत्रीण मिळते ती चाळिशीनंतर, गल्लीत. पापड लाटताना, दळणाला जाताना, एकादशीला देवळात, दवाखान्यात सोबत म्हणून. सुनेचं, लेकीचं, पोटातलं दुखणं हिला सांगायचं. ती गेली की लोक म्हणतात, "शेजारीण वारली." शेजारीण? तीस वर्षं या बाईनं जे नवऱ्याला सांगितलं नाही, ते तिला सांगितलं होतं. मला वाटतं, आपल्या घरांतल्या कितीतरी म्हाताऱ्या बायका अचानक गप्प होतात, जेवण तोडतात, आणि आपण त्यांचे गुडघे तपासत बसतो. एकदा विचारून तर बघा, गल्लीतलं कोण गेलं म्हणून.

आता दुसरी गोष्ट. म्हातारपणी मित्र जातो तेव्हा नेमकं काय जातं?

सत्तरीच्या माणसाला हाका कशा येतात? आजोबा. काका. सर. साहेब. अण्णा. बायको तर नाव घेतच नाही. आईवडील गेले, मोठा भाऊ गेला. आता या जगात त्याला नावानं, एकेरीत, "काय रे ए" म्हणून हाक मारणारा एकच उरलेला असतो. तो गेला की या माणसातला पोरगा कुणालाच ठाऊक नसतो. मुलांना ठाऊक असतो तो बाप, कचेरीला ठाऊक असतो तो साहेब. १९७२च्या दुष्काळात सुट्टीत खडी फोडायला गेलेला, सुकडी खाऊन दिवस काढलेला, कृषी विद्यापीठ परभणीलाच झालं पाहिजे म्हणून घोषणा देणारा, १९७४च्या मराठवाडा विकास आंदोलनात वर्ग सोडून रस्त्यावर आलेला, मीटरगेजच्या गाडीत दारात बसून नांदेडला सिनेमा बघायला गेलेला तो पोरगा फक्त त्या मित्राला माहीत होता. आठवण ही दोघांची मालमत्ता असते. एकजण गेला की दुसऱ्याला आपल्याच आठवणीची खात्री वाटेनाशी होते. तो पूर आला होता की मी ऐकलं होतं? ती मारामारी आपल्याच वर्गात झाली ना? विचारणार कुणाला?

नवरा-बायकोचं नातं थोर आहे, लेकरांचं आहे. पण या दोन्ही नात्यांना देणं-घेणं लागलेलं असतं, जबाबदारी लागलेली असते. म्हातारपणीचा मित्र हा एकच माणूस असा, की ज्याला तुमच्याकडून काहीच नको असतं. सकाळी फाटकापाशी येऊन उभा राहायचा, एवढंच त्याचं काम.

मग करायचं काय? इथं मला फार लांब जायचं नाही. या प्रश्नाचा मराठीतला सगळ्यात मोठा जाणता माणूस आपल्याच मातीतला आहे. नरसी हे परंपरेनं नामदेवांचं गाव. आज ते हिंगोली जिल्ह्यात आहे, पण हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ला. तोवर नरसीही परभणीत होतं आणि जिथं नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले ते औंढाही परभणीत होतं. जनाबाईंचं गंगाखेड तर आजही आपलंच आहे. आपण नामदेवांना भक्त म्हणून ओळखतो, कीर्तनकार म्हणून, पंजाबपर्यंत गेलेला संत म्हणून. मी आज तुम्हाला नामदेव मित्र म्हणून दाखवणार आहे, कारण मित्रांचं मरण एवढ्या वेळा बघून एवढं दीर्घ जगलेला माणूस आपल्या भाषेत दुसरा नाही.

नामदेवांचा जन्म १२७०चा. ज्ञानदेव त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला, आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. नामदेव तेव्हा सव्वीस वर्षांचे. पाठोपाठ सासवडला सोपानदेव, मग मुक्ताबाई, मग त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथ. काही महिन्यांत चारही भावंडं गेली. आणि नामदेव १३५०पर्यंत जगले. म्हणजे मित्राच्या माघारी चौपन्न वर्षं!

त्यांनी काय केलं? त्यांनी सांगितलं. आदी, तीर्थावळी आणि समाधी, अशी तीन प्रकरणं अभंगांतून लिहिली. मित्र कुठून आला, मित्राबरोबर आपण कुठं कुठं हिंडलो, आणि मित्र कसा गेला. ज्ञानदेवांच्या आयुष्याबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं या एका मित्रानं सांगितलं म्हणून माहीत आहे. समाधीच्या त्या वर्णनात कोण कोण आलं होतं, जागा कुणी साफ केली, कोण कसं कोलमडलं, सगळं येतं. जागा झाडायला नामदेवांची मुलं होती, असं परंपरा सांगते. मला हे फार मोलाचं वाटतं. बापाच्या मित्राच्या शेवटच्या दिवशी मुलं सोबत होती, हाताला काम घेऊन होती. आणि नामदेवांनी आपलं रडणं लपवलं नाही. ज्ञानदेव तर ब्रह्मरूप झाले, मग रडायचं कशाला, असा शहाणपणा त्यांना सुचला नाही. त्यांच्या वर्णनात खुद्द विठ्ठल हजर आहे आणि नामदेव त्याच्यासमोर शोक करतात.

याचं पुढं काय झालं ते बघा. कार्तिक वद्य त्रयोदशीला आजही लाखो लोक आळंदीला जातात. कीर्तनकार समाधीचे अभंग घेतो आणि मंडप रडतो. बायाबापड्या डोळ्यांना पदर लावतात. हे सगळे कुणाच्या दुःखात सामील झालेले असतात? एका मित्राच्या. सातशे वर्षांहून जास्त काळ एक अख्खा समाज एका मित्राचं दुःख दरसाल वाटून घेतो आहे. घरच्या रीतीत मित्राच्या दुःखाला जागा नव्हती, ती वारकऱ्यांनी आळंदीला करून दिली. म्हणून कुणी तुम्हाला म्हणालं की मित्रासाठी एवढं रडायची आपल्यात रीत नाही, तर त्याला आळंदीला पाठवा.

पण तेव्हा नामदेव तरुण होते. आपला विषय उतारवयाचा आहे. तर मग मंगळवेढ्याला चला.

१३३८ साल. नामदेव अडुसष्ट वर्षांचे. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चाललं होतं, वेठीला धरलेली माणसं कामावर होती. भिंत कोसळली, माणसं गाडली गेली. त्यांत नामदेवांचे मित्र चोखोबा होते. परंपरा अशी सांगते की नामदेव तिथं गेले. ढिगाऱ्यात हाडं एकमेकांत मिसळलेली. कुणाची कुठली, कसं ओळखायचं? नामदेवांनी एकेक हाड कानाशी लावलं. ज्यातून विठ्ठल विठ्ठल असा आवाज आला ती चोखोबांची, म्हणून गोळा केली, पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली.

ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली, चमत्कार म्हणून. आता या वयात पुन्हा ऐका. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा दगडमातीच्या ढिगाऱ्यात बसून हाडं कानाला लावतो आहे. अस्थी गोळा करणं हे पोराचं, भावाचं काम. नामदेव शिंपी, चोखोबा महार. ना रक्त एक, ना जात एक. आणि तरी राख सावडायला नामदेव बसले. रूढीनं मित्राला जी जागा दिली नव्हती, ती त्यांनी विचारत न बसता घेतली. मला या कथेत आणखी एक गोष्ट दिसते. शेकडो हाडांतून चोखोबा ओळखायला त्यांची सगळ्यात खास गोष्ट माहीत असावी लागते, आणि ती मित्राला माहीत होती. जुन्या मित्राला तुमच्यातलं खरं काय ते माहीत असतं. बाकी सगळी माती.

जाता जाता एक सांगतो. चोखोबांची समाधी देवळाच्या बाहेर आहे, कारण त्यांना आत प्रवेश नव्हता. तो प्रवेश त्यांच्या लोकांना मिळाला १९४७ साली, साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केलं तेव्हा. सहाशे वर्षांनी. मित्र जे करू शकत होता ते मित्रानं केलं, जे समाजानं करायचं होतं त्याला एवढा वेळ लागला.

नामदेवांसारखंच मित्राला स्वतःच्या हातानं निरोप देणारं आणखी एक माणूस आठवतं. १५ ऑगस्ट १९४२. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना महादेवभाई देसाई गेले. वय पन्नास. १९१७पासून ते गांधीजींचे सचिव, सोबती, सगळं काही. गांधीजी बहात्तर वर्षांचे. त्यांनी महादेवभाईंच्या देहाला स्वतः अंघोळ घातली, अग्नी स्वतः दिला आणि पुढं कैदेत असेपर्यंत त्या जागी जाऊन फुलं वाहत राहिले. गीता आचरणात आणू पाहणारा माणूस! स्थितप्रज्ञाची लक्षणं रोज प्रार्थनेत म्हणणारा! त्यांना कुणी म्हणालं का, बापू, किती दिवस धरून बसणार?

आता जनाबाईंकडं येतो आणि इथं थोडं सांभाळून बोलतो. परंपरा म्हणते की १३५०च्या आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेव गेले, त्याच दिवशी जनाबाईही गेल्या. गंगाखेडहून लहानपणी पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आलेली, नामदेवांना अंगाखांद्यावर खेळवलेली ही बाई त्यांच्याबरोबरच गेली. भक्तीच्या दृष्टीनं हे थोर आहे. पण आपल्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या मनात मित्र गेल्यावर हाच विचार येतो. "तो गेला, आता आपण तरी राहून काय करायचं?" असा विचार येणं यात लाजण्यासारखं काही नाही. पण तोच विचार रोज येऊ लागला, सहा-सहा महिने झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, बीपी-शुगरच्या गोळ्या मुद्दाम सोडाव्यात असं वाटू लागलं, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, नुसतं "अशक्तपणा आहे" म्हणू नका. सरकारची टेली-मानस ही सेवा आहे, १४४१६ नंबर, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. लिहून घ्या. स्वतःसाठी नको असेल तर शेजाऱ्यासाठी घ्या. आणि लक्षात ठेवा, नामदेव ज्ञानदेवांबरोबर गेले नाहीत, चोखोबांबरोबर गेले नाहीत. ते मागे राहिले, हिंडले, पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची ६१ पदं आज गुरू ग्रंथसाहिबात आहेत. यातलं काहीच सव्विसाव्या वर्षी गेलेल्या नामदेवांकडून झालं नसतं.

एक प्रकार राहिला. ज्याच्याशी बोलणं तुटलं होतं तो मित्र गेला तर? बांधावरून तुटलं, पतसंस्थेच्या निवडणुकीत तुटलं, पक्ष फुटला तेव्हा तुटलं. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजातले सोबती. पुढं आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ला 'सुधारक' काढला, दोघं एकमेकांवर तुटून पडले. १७ जून १८९५ला आगरकर गेले, चाळिशीच्या आतच. 'केसरी'त मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. भांडण होतं म्हणून दुःखाचा हक्क जात नाही. उलट अशा वेळी ते जास्त जाळतं, कारण माफी मागायला समोर कुणी नसतं. तुमचं असं झालं असेल तर त्याच्या घरी जा. दार उघडणाऱ्या सुनेला तुमचं भांडण माहीतही नसतं. चहा देईल.

माझं स्वतःचं थोडं सांगतो. माझा जुना मित्र शेतीखात्यात होता. निवृत्त झाल्यावर त्यानं गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला नळीतलं पाणी मोजायचा, वहीत लिहायचा आणि मला फोन करायचा, "अरे, बावीस मिलिमीटर." तो गेल्यावर महिनाभर मला काय करावं सुचेना. मग जूनमध्ये त्याच्या घरी गेलो आणि वही मागितली. वहिनींनी काहीही न विचारता दिली. आता पाऊस मी मोजतो. त्यांचा नातू कधीकधी गच्चीवर येतो, आजोबांबद्दल विचारतो, मी सांगतो. दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या दुःखाला आता रोज सकाळी एक काम आहे.

म्हणून ज्यांचा मित्र नुकताच गेलाय त्यांना सांगतो: तेराव्यानंतर त्याच्या घरी जाणं थांबवू नका, त्याच वेळी बाकीचे थांबतात. त्याचं अर्धं राहिलेलं एखादं काम घ्या. पुस्तकाची यादी असेल, शाळेची वर्गणी असेल, झाडाला पाणी घालणं असेल. त्याच्याबद्दल बोला, नावानं बोला, त्याच्या खोड्यांसकट बोला. फिरायला जायची वेळ बदलू नका. पहिले दिवस फार जड जातील, तरी जा. आणि कट्ट्यावर चाळिशी-पन्नाशीतला कुणी येऊन बसत असेल, तर त्याला जागा करून द्या. नवा मित्र जुन्याची जागा घेत नाही, ती जागा मोकळीच राहते. पण शेजारी बसायला माणूस लागतं.

शेवटचं, तरुण मंडळींसाठी. तुमच्या वडिलांचा, आईचा जुना मित्र, जुनी मैत्रीण गेली, तर ते मरण तुमच्या घरातलं समजा. मातीला त्यांना एकट्याला पाठवू नका, सोबत जा. परत आल्यावर त्यांना जेवायला एकटं बसवू नका. चार दिवस घरी कुणाला तरी भेटायला बोलवा, तुमच्या आत्याला, मामाला, कुणालाही, आणि सांगा की आमच्या अण्णांचा दोस्त गेलाय, भेटून जा. महिन्यानं गाडी काढा आणि त्यांना त्या घरी घेऊन जा. वाटेत विचारा, तुमची ओळख कुठं झाली होती? गावाचं नाव सांगतील, शाळेचं सांगतील, मग एखादी अशी गोष्ट सांगतील, जी तुम्ही कधी ऐकलेली नाही. मध्ये बोलू नका. गाडी जरा हळू चालवा.